सुगंधा कंडक्टर जागा शोधते

गाडीत जागा नाही, हे वाक्य सुगंधा धुरीने सतरा वर्षांत कधी खरं मानलं नाही. बाजाराच्या दिवशी मालवणहून सुटलेली आचऱ्याची गाडी म्हणजे माणसं, माशांच्या पाट्या, शहाळी आणि शाळेची दप्तरं यांची खिचडी. पण सुगंधा दारातून ओरडली, "सरका फुडे, जागा आसा!" की खरोखरच जागा व्हायची. सीटवर पिशवी ठेवून "हय कोणतरी येतला हा" म्हणणारी बाई ती एका नजरेत ओळखायची. "पिशयेचा तिकीट काढलास?" एवढंच विचारून ती पिशवी उचलून त्याच बाईच्या मांडीवर ठेवायची आणि एखाद्या म्हाताऱ्याला तिथे बसवायची. बाई फुगून खिडकीबाहेर बघायची. सुगंधा तोवर पुढच्या सीटवर पोचलेली असायची.

त्यामुळे यंदा दिवाळीनंतर अख्खा गाव तिलाच सांगायला लागला की जागा नाही, तेव्हा तिला आधी हसू आलं आणि मग संताप आला.

सुगंधा मूळची कणकवलीकडच्या आतल्या गावातली. नवरा लवकर गेला, एकुलत्या मुलीचं लग्न होऊन ती रत्नागिरीला गेली, आणि सुगंधा गेली नऊ वर्षं आचऱ्याला स्टँडपासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्यांत राहत होती. सकाळी सहाची पहिली गाडी तिची. पावणेसहाला दार ओढून घेतलं तरी ती वेळेवर पोचायची. खोल्यांचे मालक म्हातारे होते, ते वारले. मुलगा सुशांत मुंबईची नोकरी सोडून आला आणि त्याला पाहुण्यांसाठी होमस्टे काढायचा होता. मुलगा वाईट नव्हता. येताना मिठाईचा पुडा घेऊन आला.

"ताई, घाई नाही," तो मुंबईच्या मराठीत म्हणाला. "यंदा गावपळण आहे ना? गाव बाहेर पडेल तेव्हा तुम्ही सामान घेऊन बाहेर पडा. गाव परत येईल तेव्हा मी रंगाऱ्यांना घेऊन आत येईन."

आचऱ्याला गावपळण नवी नाही. तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव घरांना कुलपं घालून वेशीबाहेर पडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. वेशीच्या आत चालताबोलता जीव राहायचा नाही. तीन रात्री माळावर माडाच्या झापांच्या खोपी घालून राहायचं, चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा आणि देवाने हो म्हटलं की घरी यायचं. गावातल्या लोकांना ती एक सहलच वाटते. सुगंधाला मात्र आता तिचा धसका बसला. चौथ्या दिवशी सगळा गाव घराकडे निघणार होता आणि तिला जायला घर नव्हतं.

तिच्या एकटीचा प्रश्न असता तर दुसऱ्याच दिवशी सुटला असता. तिच्यासोबत मनी मांजर आणि डबल कुत्रा होता. मनीला कोणाचीच हरकत नव्हती. "मांजर काय, ता येता नि जाता," लोक म्हणायचे. सगळं अडायचं ते डबलपाशी. तांबूस रंग, एक कान मोडलेला, आठ वर्षांचा गावठी कुत्रा. दिसायला काही देखणा नव्हता, आणि हे सुगंधाही मान्य करायची.

तिने अकरा घरं पालथी घातली. एका घरी देवाचं कडक सोवळं होतं. एका घरी सून बाळंतीण होती. एक जण म्हणाला, "आमचा काय नाय गो, पण शेजाऱ्यांका चलाचा नाय," आणि शेजाऱ्याकडे गेली तर त्यानेही अगदी हेच, उलट दिशेला बोट करून सांगितलं. रिटायर झालेल्या एका मास्तरांनी चहा पाजला आणि पुस्तकी भाषेत म्हणाले, "बाई, तत्त्वतः आमचा कुत्र्याला विरोध नाही."

"तत्त्वात रवाक येता काय मास्तर?" असं विचारून सुगंधा चहा अर्धा टाकून उठली. हे सगळे तिचे रोजचे पासवाले. यांतल्या प्रत्येकाला तिने कधी ना कधी गर्दीत बसायला जागा करून दिली होती.

तिच्या गाडीचा ड्रायव्हर गुरुप्रसाद. त्याने साधासरळ उपाय सांगितला. "आधी तू घूस. कुत्र्याचा नावच काढू नको. म्हयन्यान कुत्रो घेवन ये. गाडयेत लोक काय करतत? आधी एक पाय टाकतत, मगे सगळा आंग."

"आणि तेंका उतरवता कोण? मीच ना?" सुगंधा म्हणाली. "खोटा सांगून मी खंय घुसाचंय नाय. आणि डबलाक सोडून तर जावचंयच नाय."

गुरुप्रसादला या हट्टाचं मूळ माहीत नव्हतं. ते सुगंधाने कोणालाच सांगितलं नव्हतं. दहा वर्षांमागे ती वेंगुर्ल्याकडे होती, शिरोड्याला राहायची. तिथे तिची लाली नावाची कुत्री होती. बदली झाली, मालवणला मिळालेल्या पहिल्या खोलीत कुत्रं चालणार नव्हतं, म्हणून तिने लालीला तिथल्याच एका चहावाल्याच्या हवाली केलं. दोन महिन्यांनी दुसऱ्या कंडक्टरच्या जागी ड्युटी लागली आणि गाडी शिरोड्यात आली. लाली चहावाल्याकडे नव्हतीच. ती रस्त्याकडेच्या सुगंधाच्या जुन्या, आता बंद असलेल्या खोलीच्या पायरीवर पडून होती, बरगड्या मोजाव्यात इतकी वाळलेली. गाडी थांबली, तशी ती उठून उभी राहिली. गाडी खच्चून भरलेली होती, आधीच वीस मिनिटं उशीर झाला होता. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. सुगंधाने दोन दिल्या. लाली गाडीमागे धावत सुटली. मागच्या सीटवरचे लोक ओरडले, "बाये, कुत्रो धावता मागसून!" तेव्हाही एक बेल देता आली असती. तिने दिली नाही. पुढच्या सुट्टीला ती धावत शिरोड्याला गेली, तर पायरी रिकामी होती आणि चहावाल्याला काही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी सुगंधा परतीच्या गाडीत पाठमोरी बसून रडली. पुढे आचऱ्याच्या स्टँडवर पावसात कुडकुडणारं पिल्लू उचललं तेव्हा तिने त्याचं नाव डबल ठेवलं. रोज हाक मारताना ती डबल बेल आठवावी, म्हणून.

बारावं घर सुभद्राकाकींचं. स्टँडच्या मागेच, दारापुढच्या खळ्यात दोन माड, ओटीला लागून वेगळ्या दाराची खोली, नळ बाहेर. बघताक्षणी सुगंधाचा जीव तिथे जडला. काकी बहात्तर वर्षांच्या, दोन्ही झील, म्हणजे मुलगे, मुंबईला, घरात त्या आणि त्यांच्या अकरा कोंबड्या नि एक कोंबडा. बोलणं कोयत्यासारखं.

"मांजर घेवन ये. उंदीर झाले हत," काकी म्हणाल्या. "कुत्रो नको."

"कित्या नको?"

"मागच्या भाडेकरवान लपवन हाडलेलो. इचारलंय तर म्हणता, कुत्रो? खंयचो कुत्रो, काकी? चार कोंबयो खाल्ल्यान, तेवा माका कळला."

इथे एक छोटं खोटं पुरलं असतं. "माझो कुत्रो कोंबयो खाणा नाय, असा मी सांगाचंय नाय," ती म्हणाली. "एकदा शेजाऱ्याची खाल्ल्यान हा. मी तेका दुसरी हाडून दिलंय. तेवापासून तो दिवसा दोरयेक असता."

काकींनी तिच्याकडे नीट पाहिलं. "असा खरा सांगान घर गावता, असा तुका कोणी सांगल्यान?"

"कोणी नाय."

"माझ्या उंबऱ्यार कुत्रो नको म्हणजे नको."

"मगे मीय नको," सुगंधा म्हणाली आणि चपला घातल्या.

मार्गशीर्षात कौल झाला. निघायचा दिवस ठरला. सुगंधाने ट्रंक, शेगडी, गाद्या बांधल्या. गुरुप्रसादने त्याच्या गावच्या काजूच्या बागेतला मांगर, म्हणजे राखणीची खोली, देऊ केला होता. जागा होती, पण आचऱ्यापासून चाळीस किलोमीटर आत. तिथून सहाची गाडी पकडणं शक्य नव्हतं. म्हणजे हा मार्ग सोडायचा, हा गाव सोडायचा. बदलीचा अर्ज लिहून तिने तिकिटाच्या बॅगेत ठेवला होता. तारीख तेवढी घालायची राहिली होती.

निघायच्या दिवशी दुपारी गावात ढोल वाजला आणि रस्ते माणसांनी, गुरांनी, टेंपोंनी भरले. सुगंधा गुरुप्रसादच्या टेंपोत सामान टाकून निघाली, मनी पिशवीत, डबल दोरीला. स्टँडमागे आली तर काकींच्या खळ्यात ही गर्दी. मुंबईचे झील येणार होते ते आले नव्हते, रजा मिळाली नाही. कोंबड्या टोपल्यांत भरून झाल्या होत्या. अडलं होतं ते एका खुडूक कोंबडीपाशी. कौल व्हायच्या आधीच काकींनी तिला अकरा अंड्यांवर बसवलं होतं. आज अठरावा दिवस. दोन-तीन दिवसांत पिल्लं फुटायची, आणि नेमके तेच दिवस गाव बाहेर. कोंबडीला उचललं तर ती अंडी सोडणार, अंडी गार पडणार. ठेवून जावं तर वेशीत जीव राहिला.

"कोंबी घेवा, अंडी रवांदेत," एक शेजारी म्हणाला.

"अंड्यात जीव नाय काय?" दुसऱ्याने हटकलं.

"असलो तरी तो चलता-बोलता नाय."

"आतून पिल्लू टोचा मारता, आणि म्हणे चलता-बोलता नाय!"

वाद रंगात आला. काकींचं सामान न्यायला आलेला टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. काकी मध्येच मटकन ओट्यावर बसल्या. "अठरा दिवस ती उठाक नाय," त्या म्हणाल्या. "देव काय माझ्या कोंबयेक इचारून कौल देता?" आणि त्यांचे डोळे भरून आले.

सुगंधाने डबलची दोरी गुरुप्रसादच्या हातात दिली. "सरका," ती म्हणाली, आणि सवयीने सगळे सरकले. तिने कोंबडीच्या डोळ्यांवर फडकं टाकलं, कोंबडी, अंडी, पेंढा, सगळ्यासकट टोपली अलगद उचलली आणि पोटाशी धरली. "मांडयेर घेवन नेतलंय. मांडयेरची वस्तू फुटणा नाय."

काकी उठल्या. दाराला कुलूप घातलं, हातात नारळ घेतला आणि उंबऱ्यासमोर उभ्या राहिल्या. घर सोडताना देवाला गाऱ्हाणं घालायचं, ही रीत. पण गाऱ्हाण्याला मागून "व्हय म्हाराजा" म्हणणारं कोणीतरी लागतं. ते काम दर वेळी झील करायचे. शेजारी तोवर आपापल्या सामानाकडे पांगले होते. काकींनी मागे वळून पाहिलं, तर टोपली घेतलेली सुगंधा तेवढी उभी होती.

"घाला तुमी. मी म्हणतंय," ती म्हणाली.

"बा देवा रामेश्वरा," काकींचा आवाज चढला, "वाडवडलांच्या रीतीन आज ह्या घराक कुलूप घातलेला हा. ह्या घरातली माणसां एक, कोंबयो धा, कोंबो एक, अंड्यार बसलेली कोंबी एक. तेंका सांभाळून ने आणि सांभाळून परत हाड, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सुगंधा म्हणाली. माणसं एक, हे ऐकून तिला कसंसंच झालं होतं.

माळावर दोघींच्या खोपी शेजारी शेजारी पडल्या. टोपलीची जबाबदारी सुगंधाची होती, त्यामुळे इलाज नव्हता. डबलला तिने दहा पावलांवर काजूच्या बुंध्याला बांधलं आणि गाठ दोनदा तपासली. काकी हातात काठी घेऊन त्याच्याकडे बघत बसायच्या. भोवती सगळ्या गावाचा मेळा भरला होता, कुठे भजन, कुठे फुगड्या, कुठे बांगडे भाजल्याचा वास. इथे कोणाच्या घरात कुत्रं चालतं आणि कोणाच्यात नाही, हा प्रश्नच नव्हता, कारण घरच कोणाला नव्हतं. त्या मास्तरांच्या खोपीबाहेरही कोणाचा तरी कुत्रा निवांत झोपलेला सुगंधाने पाहिला आणि ती मनाशीच चरफडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंडी फुटली. अकरांतली सात. काकी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत बसल्या. दुपारी उन्हात सोडलेल्या पिल्लांतलं एक चुकार तुडतुडत थेट काजूच्या बुंध्याकडे निघालं. दोघींना एकदमच दिसलं. काकी काठी घेऊन धावल्या, सुगंधा त्यांच्या पुढे. डबल उठला होता, दोरी ताणली होती, मान पुढे होती.

"बस!"

तो आवाज अर्ध्या माळाने ऐकला. डबल बसला. पण नजर पिल्लावरच होती आणि तोंडातून लाळ गळत होती. सुगंधाने पिल्लू उचलून काकींच्या ओंजळीत दिलं.

"खावचा मनात आसा त्याच्या," काकी धापा टाकत म्हणाल्या.

"आसा ना," सुगंधा म्हणाली. "म्हणानच दोरी आसा."

काकी तिच्याकडे बघत राहिल्या आणि एकाएकी खो खो हसल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

संध्याकाळी दोघी पेज जेवायला बसल्या, तेव्हा काकींनीच विषय काढला. "तू बरी आसस. खोली तुका देतंय. पलीकडच्या वाडयेत एकाक बागेर राखणीक कुत्रो व्हयो आसा. चांगलो माणूस. डबलाक थंय ठेव. आठवड्यान एकदा बघून ये."

उद्या गाव परतणार होता. सहाची गाडी, नळ बाहेर, दोन माड, सगळं एका होकारावर होतं. तिने पहिल्यांदाच कोणाला तरी लालीची गोष्ट सांगितली. पायरी सांगितली, दोन बेल सांगितल्या, गाडीमागे धावणारे पाय सांगितले.

"तेवाय माणूस चांगलोच होतो, काकी," ती म्हणाली. "एकदा डबल बेल दिलंय मी. परत दिवचंय नाय. घर नको माका."

"हट्टी आसस."

"तुमी काय कमी आसात?"

काकी पेज गार होईपर्यंत ढवळत बसल्या.

चौथ्या दिवशी देवाने हो म्हटलं. ढोल वाजला आणि गाव घराकडे वळला. सुगंधाने रात्रीच बॅगेतल्या अर्जावर तारीख घातली होती. तिचं सामान गुरुप्रसादच्या टेंपोत चढलं, मनी पिशवीत गेली. आता सरळ मांगराकडेच निघायचं, पण टोपली अजून तिच्याकडे होती. सांभाळून नेईन म्हटलं होतं, तर सांभाळून परत पोचवायलाही हवी होती. टेंपो काकींच्या घरासमोर थांबला. गुरुप्रसादने इंजिन चालूच ठेवलं.

सुगंधा कोंबडी नि पिल्लांची टोपली पोटाशी धरून उतरली. डबलची दोरी मनगटाला गुंडाळलेली होती. उंबऱ्यापासून लांब, खळ्याच्या कडेलाच ती थांबली, कारण कुत्र्याला पुढे यायची परवानगी नव्हती. काकींनी कुलूप काढलं, पण त्या आत शिरल्या नाहीत. नारळ हातात घेऊन दारासमोर उभ्या राहिल्या.

"मागसून म्हण," न वळता त्या म्हणाल्या. सुगंधाने मान हलवली.

"बा देवा रामेश्वरा! तुझ्या हुकमान गेलंव, तुझ्या हुकमान इलंव. ह्या घराचा दार तुझ्या नावान उघडलेला हा. ह्या घरातली माणसां दोन..."

सुगंधाने चमकून वर पाहिलं. बहुतेक मुंबईचा झील येणार असेल, तिला वाटलं.

"...कोंबयो अकरा, कोंबो एक, पिल्लां सात, मांजर एक," काकी थांबल्या, घसा खाकरला, "आणि कुत्रो एक, तो दिवसा दोरयेक बांधलेलो. तुझ्याम्होरां लपयलेला कायएक नाय. सगळ्यांका ह्या उंबऱ्याच्या आत सुखान रवाक दी, म्हाराजा!"

टोपलीत पिल्लांची चिवचिव तेवढी चालू होती. सतरा वर्षं भरल्या गाडीच्या मागच्या सीटपर्यंत पोचणारा सुगंधाचा आवाज आज निघालाच नाही. डबल तिच्या तोंडाकडे बघत उभा होता.

"अगो, व्हय म्हण!" काकी मागे वळून खेकसल्या. "देव ताटकळत उभो आसा!"

"व्हय म्हाराजा," सुगंधा म्हणाली. पहिल्यांदा नुसताच श्वास निघाला, म्हणून तिने पुन्हा, मोठ्याने म्हटलं. मग दोरी मनगटाला आणखी एक वेढा देऊन ती उंबऱ्याकडे चालू लागली, आणि रस्त्यावर गुरुप्रसादने टेंपोचं इंजिन बंद केलं.